मध्ये काही नाही

दवाखान्यातल्या मुलीने फॉर्म पुढे सरकवला. काचवाल्याने खिशातलं स्वतःचं पेन काढलं, कारण टेबलावरच्या पेनाला दोरी बांधलेली होती आणि दोरी बांधलेल्या पेनाने त्याला लिहिता येत नाही.

प्राणी: बियर्डेड ड्रॅगन. म्हणजे दाढीवाला सरडा.
हाकेचं नाव: मास्तर.
वय: चौदा महिने.
कोणाचा: मुलीचा. ती सहा महिने शिकायला परगावी. आम्ही आईवडील.
तक्रार: मागचे पाय ओढतो. बोटं थरथरतात. चार दिवसांत एकही किडा धरला नाही. धरायला जातो पण जबडा चुकतो.
खाणं: मुलीच्या कागदाप्रमाणे.
दिवे: मुलीच्या कागदाप्रमाणे.
दिवा आणि प्राणी यांच्यामध्ये काय आहे: काही नाही.

शेवटचं उत्तर लिहिताना तो क्षणभरही थांबला नाही. हा गुरुवार होता.

*

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि मास्तरांच्या हनुवटीखाली बोट लावून हलकेच दाबलं. जबडा दबला. भिजलेल्या पुठ्ठ्याला बोट लावावं तसा. मास्तरांनी एरवी अशा आगाऊपणाबद्दल दाढी काळी करून फुगवली असती. मास्तर म्हणून नाव पडलं ते त्यासाठीच. ताठ मानेने दगडावर बसायचं, समोरच्याला दोनदा मान डोलवून दाखवायची, आणि वर्ग ऐकत नसला की दाढी काळी. आज दाढी पिवळट, ढिली.

"एक्स-रे बघा." डॉक्टरबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "हाडं खडूच्या रेघेसारखी दिसायला हवीत."

पडद्यावर कोणीतरी डस्टर फिरवलं होतं.

"हाडातलं कॅल्शियम निघून गेलंय. एकतर पोटात जात नाहीये, नाहीतर जे जातंय ते अंगी लागायला जो प्रकाश लागतो तो मिळत नाहीये. ट्यूब कुठली?"

काचवाल्याने पिशवीतून ट्यूबचा रिकामा खोका काढून टेबलावर ठेवला. खोका आणायचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. खोक्यावर सूर्याचं चित्र, आणि खाली बारीक अक्षरात इशारा: त्वचा भाजणारे किरण, फार जवळून पाहू नये.

"चांगली आहे. बदलली कधी?"

"कागदात सहा महिने लिहिलंय. मी पाचव्यातच बदलली."

"अंतर?"

"एक फूट. पट्टीने मोजलंय."

"मध्ये काही?"

"लिहिलंय की. काही नाही."

"फोटो आहे टाकीचा?"

होता. त्याने स्वतः काढलेला, आधी टाकी पुसून. डॉक्टरांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, वर सरकवला, खाली सरकवला. वर ट्यूब, खाली दगड, दगडावर मास्तर. मध्ये काही नव्हतं.

"मग खाण्याकडे बघू. किड्यांना पावडर कोण लावतं?"

"मी," बायको म्हणाली.

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. डब्यात घालून घोळवते."

आणि काचवाला, जो इतका वेळ खोक्यावर हात ठेवून उभा होता, तो म्हणाला, "एखाद्या वेळी राहिली असेल. हिला किड्यांची किळस येते."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. एवढंच.

डॉक्टरांनी पातळ औषध दिलं, दिवसातून दोनदा, थेंबाथेंबाने. मग खुर्ची जवळ ओढली. खुर्ची जवळ ओढली म्हणजे काय ते दोघांनाही कळलं.

"शनिवारपर्यंत बघू. तुमचा प्रकाश बरोबर असेल, पावडर साधारण बरोबर असेल आणि तरी हे असं झालं असेल, तर बिघाड आत आहे. मूत्रपिंडात. त्यावर माझ्याकडे औषध नाही. रक्त काढून खात्री करता आली असती, पण याला सुई सोसेल असं वाटत नाही. मणका वाकायला लागलाय. शनिवारी चारला आणा. तोवर मुलीशी बोलून ठेवा."

"काय बोलून ठेवू?" बायकोने विचारलं.

"याला असं किती दिवस ठेवायचं, ते."

*

मुलीचा कागद. टाकीच्या बाजूला चिकटपट्टीने लावलेला. शाईचा. प्रत्येक ओळीपुढे काचवाल्याची लाल पेन्सिल.

१. लांब ट्यूब सकाळी सात ते संध्याकाळी सात. *टायमर लावला. चुकत नाही.*
२. गोल दिव्याखालचा दगड चाळीस अंश. *थर्मामीटर दगडावर. ३९ ते ४१.*
३. पाला रोज, बारीक चिरून. पालक नको, तो कॅल्शियम अडवतो. *आई.*
४. रातकिडे दिवसाआड, पावडरीत घोळून. *आई.*
५. ट्यूब सहा महिन्यांनी बदला. उजेड दिसत असला तरी बदला, डोळ्यांना कळत नाही. *५ महिने!*
६. काही झालं तर आधी मला सांगा.

सहाव्या ओळीपुढे पेन्सिल नाही. बोटं थरथरायला लागून तीन आठवडे झाले होते. आधी वाटलं थंडी. मग वाटलं कात टाकतोय. मग बायको म्हणाली, सांगूया तिला. तो म्हणाला, परीक्षा आहे तिची, उगाच डोक्याला ताप. परीक्षा संपली. मग तो म्हणाला, आता येईलच की बुधवारी.

*

गुरुवारी घरी येईपर्यंत बायको बोलली नाही. पाला चिरताना बोलली नाही. ही ती बाई, जी दूधवाल्याशी जिन्यात अर्धा तास बोलते.

"मी आपलं म्हणालो," तो म्हणाला. "डॉक्टरांना सगळं सांगावं लागतं."

सुरी चालू राहिली.

"राहिली असेलच असं नाही. असेल म्हणालो."

"तुमचं सगळं चोख," ती म्हणाली. "टायमर, थर्मामीटर, पट्टी. मग मरणार कोणामुळे? पावडरीमुळे. पावडर कोणाची? माझी. बरोबर आहे हिशेब."

"मरणार कुठे म्हणालो मी?"

ती पाला घेऊन टाकीकडे गेली. वरचं झाकण अलगद उचललं, पाला ठेवला, झाकण परत बसवलं. मास्तरांनी पाल्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

*

त्या झाकणाबद्दल.

टाकी आली तेव्हा वर जाळी होती. बारकी पण पुरेशी बारकी नाही. लहान रातकिडे तिच्यातून निसटायचे. एक पिठाच्या डब्यात सापडला. एक बायकोच्या चपलेत, तोही पाय घातल्यावर. घरभर किर्र. "घर आहे की गवताळ माळ?" बायको म्हणाली, आणि मुलगी परगावी गेल्यावर महिन्याभरात काचवाल्याने मापं घेतली.

पाच मिलिमीटरची साधी, स्वच्छ काच. कड तीनदा घासलेली. गोल दिव्यासाठी पाण्याची धार सोडत पाडलेलं भोक, इतकं गोल की त्यात पेला अडकवून दाखवावा. हवेसाठी बाजूला जाळीच्या चार खिडक्या. पूर्ण रविवार गेला. जुनी जाळी पलंगाखाली.

या कामात एक रीत आहे. तो शिकाऊ असल्यापासूनची. काच बसली, पुसून झाली, की उस्ताद मागे हटून उभा राहतो आणि विचारतो: मध्ये काय आहे? काम पास असेल तर बसवणाऱ्याने म्हणायचं: काही नाही. डाग असेल, लाट असेल, बोटाचा ठसा असेल, तर ते नाव घेऊन सांगायचं आणि पुन्हा पुसायला लागायचं. पस्तीस वर्षांत त्याने हा प्रश्न हजारदा ऐकला होता, हजारदा विचारला होता. दुकानाचं दार, दवाखान्याची खिडकी, माशांचं घर. ज्या काचेवर माशी आपटत नाही ती काच कसली.

त्या रविवारी त्याने बायकोला टाकीसमोर उभं केलं. "सांग. मध्ये काय आहे?"

तिला रीत ठाऊक होती. तिने डोळे बारीक केले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, त्याला जरा ताटकळत ठेवलं.

"काही नाही," ती म्हणाली. आणि हसली. "वा."

*

शुक्रवार. फोन. स्पीकर चालू.

"तीन आठवडे?" मुलगी म्हणाली.

"अगं परीक्षा होती तुझी."

"बाबा, तीन आठवडे? सहावी ओळ काय होती?"

बाबांनी सहावी ओळ वाचून दाखवली नाही.

"आई, पावडर घालत होतीस ना?"

बायको म्हणाली, "घालत होते."

"मग कसं झालं असं? सगळं तर लिहून दिलं होतं. ट्यूब चालू आहे?"

"चालू आहे."

"जाळी पुसली होतीत ना मध्येमध्ये? धूळ बसते."

"सगळं लख्ख आहे," काचवाला म्हणाला. आणि ते खरंच होतं.

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. "त्याला दुखतंय का?"

"डॉक्टर म्हणतात, दुखत असणार."

"मग... माझी वाट नका बघू. बुधवारपर्यंत नका ठेवू. फक्त आई, तू हात लावून बस. त्याच्या पाठीवर. त्याला तुझा हात ओळखू येतो."

बायको म्हणाली, "बसते."

काचवाला टायमर तपासायला उठला. टायमर बरोबर होता.

*

शनिवार, दुपारी तीन. दुकान.

चौकातल्या शिंपीणबाई आल्या. शोकेसमधला निळा कोट पुढून राखाडी झाला होता, मागून निळा. "गिऱ्हाईक विचारतं, हा नवा की जुना? काय सांगू? वर तुम्ही म्हणाला होतात काच चांगली आहे."

"काच चांगलीच आहे, बाई. ऊन वाईट आहे."

"बरं, उन्हाला सांगा मग."

तो हसला. हे त्याचं नेहमीचं भाषण, न बघता म्हणता येणारं. हात आपोआप पट्टी शोधायला लागले. डोकं घड्याळात. साडेतीनला बायको मास्तरांना खोक्यात घालून निघणार. तो म्हणाला होता, मी येतो. ती म्हणाली होती, नको, तुम्ही दुकान बघा.

"ऊन म्हणजे एकच गोष्ट नसते. त्याचे भाग असतात. रंग खाणारा भाग साध्या काचेतून आत येतो, त्याला वेगळी काच लागते, थोडी महाग पडेल. आता तुम्ही म्हणाल, गाडीत काच लावून तासभर उन्हात बसलं तरी अंग भाजत नाही, ते कसं? तर त्याचं असं आहे, चामडी भाजणारा जो भाग असतो ना, तो साधी काचसुद्धा अडवते. पलीकडे जातच नाही. कितीही स्वच्छ असू दे, त्वचा भाजणारे जे किरण असतात ते साधी काच..."

"हं?" शिंपीणबाई म्हणाल्या.

त्वचा भाजणारे किरण. खोका. बारीक अक्षरं. सूर्याचं चित्र.

"काय झालं? बसा. पाणी देऊ का?"

"किती वाजले?"

"पंचवीस मिनिटं झाली तीनवर. अहो, कोटाचं काय?"

कोट तिथेच.

*

घराला कुलूप. कुलूप उघडायला किल्ली, किल्लीला हात, हाताला घाम. आत टाकी, टाकीत दगड, दगडावर कोणी नाही. ट्यूब चालू. बायकोला फोन लावला; तो स्वयंपाकघरात वाजला, ओट्यावर, पाल्याच्या देठांशेजारी. दवाखान्याला लावला; लागेना. पुन्हा लावला, लागेना. तीन चाळीस. त्याने झाकण उचललं. का उचललं ते त्याला सांगता आलं नसतं. तोंडी सांगितलेलं पुरेसं पडेल असं वाटलं नाही. कपडा नाही, हातमोजे नाहीत, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा उघड्या हातांनी काच काखेत धरून तो जिना उतरला आणि रस्त्याला लागला.

रस्त्यात लोक होते आणि लोकांना काच दिसत नव्हती. एक माणूस नुसताच हात वाकडा करून पळतोय असं दिसत होतं.

"काच! काच!" तो ओरडत होता. माल उतरवताना ओरडतात तसं. "काच आहे, बाजूला! काच!"

एक सायकल काचेच्या कोपऱ्याला घासून गेली. एका बाईने पोराला मागे ओढलं. सिग्नलला त्याने काच पोटाशी धरली आणि लाल दिव्याकडे बघत राहिला. छातीत भाता. लाल दिवा हलेना. चारला सात कमी. हात कापला नव्हता. कड फार चांगली घासली गेली होती.

*

बाकावर बायको नव्हती. बाकावर खोका होता, रिकामा, आत हातरुमालाची घडी.

"आत आहेत त्या," फॉर्मवाली मुलगी म्हणाली. "अहो थांबा, असं आत..."

आत बायकोचा हात मास्तरांच्या पाठीवर होता. डॉक्टरांच्या हातात ट्रे होता. ट्रेमध्ये दोन सुया, दोन्ही भरलेल्या, एकीचं टोपण काढलेलं.

"दिली?"

"अजून नाही. तुम्ही..."

त्याने काच टेबलावर ठेवली. इतक्या हळू की आवाजसुद्धा झाला नाही.

"हे मध्ये होतं."

डॉक्टरांनी टेबलाकडे पाहिलं. मग वाकून पाहिलं. मग चष्मा कपाळावरून खाली ओढला. "काय आहे?"

"काच," काचवाला म्हणाला. "साधी. पाच मिलिमीटर. ट्यूबच्या आणि त्याच्या मध्ये. पाच महिने. मी बसवली. तुम्ही विचारलं तेव्हा मी काही नाही म्हणालो."

कोपऱ्यात दवाखान्याची टाकी होती, तिच्यावर तसलीच ट्यूब. डॉक्टरांनी कपाटातून किरण मोजायचं मोबाइलएवढं यंत्र काढलं, ट्यूबखाली धरलं. तीन पूर्णांक दोन. "काच धरा." त्याने धरली. शून्य पूर्णांक शून्य. "काढा." तीन पूर्णांक दोन. "धरा." शून्य.

उजेड दोन्ही वेळेला तेवढाच होता. डोळ्यांना कळत नाही, मुलीने लिहिलं होतं.

डॉक्टरांनी सुईला टोपण लावलं. ट्रे कपाटावर ठेवला, वरच्या फळीवर. फॉर्म मागवला आणि शेवटच्या ओळीतलं उत्तर खोडून त्यावर एक शब्द लिहिला.

"मग मूत्रपिंड धरून चालायचं कारण नाही," त्या म्हणाल्या. "पण वाचेल असं मी म्हणत नाहीये, नीट ऐका. हाडं भरायला महिने जातील. मणका वाकलाय तो वाकलेलाच राहील. खाल्लं तर आशा आहे. आठवडाभर इथे माझ्या ट्यूबखाली ठेवा."

"एक राहिलं," काचवाला म्हणाला. "परवा मी पावडरीचं बोललो. एखाद्या वेळी राहिली असेल म्हणालो. नाही राहिली. एकदाही नाही. मला माहीत होतं, तेव्हाही."

बायको मास्तरांच्या पाठीवरचा हात न काढता म्हणाली, "किळस येते मला किड्यांची. तेवढं खरं आहे."

फॉर्मवाली मुलगी दारात आली. "परगावहून फोन आहे. यांच्या मुलीचा. काय सांगू?"

बायकोने फोनकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडे पाहिलं.

त्याने फोन घेतला.

"बाबा? झालं?" आवाज अगदी बारीक.

"नाही. ऐक. जाळी काढून मी काच बसवली होती. तू गेल्यावर. त्यातून तुझे किरण जात नव्हते. आजपर्यंत एकही गेला नाही."

त्याने काच काखेत सरकवली.

"आईचं काही चुकलं नाही. माझं चुकलं. आणि तुला तीन आठवडे सांगितलं नाही तेही माझंच."

"काचेतून जात नाही, हे..." ती थांबली. "बाबा, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

इथे खोटं बोलायला भरपूर जागा होती.

"होतं," तो म्हणाला. "रोज गिऱ्हाइकांना सांगतो."

ती रडली की हसली ते फोनवरून कळेना. मग म्हणाली, "काढलीत?"

"माझ्या हातात आहे."

"जाळी कुठे आहे?"

"पलंगाखाली."

"ती धुवा. मी बुधवारी थेट दवाखान्यात येते." आणि फोन ठेवायच्या आधी: "माझं काही बोलणं झालेलं नाही अजून तुमच्याशी. आल्यावर बोलणारेय."

"बोल," तो म्हणाला.

*

७. मध्ये काच नको. *(लाल पेन्सिल. अक्षर वडिलांचं.)*

*

बुधवार, सकाळचे अकरा. दवाखान्याच्या कोपऱ्यातली टाकी. मुलीची बॅग अजून खांद्यावर. ती वडिलांशी एक शब्दही बोललेली नाही. आईच्या खांद्यावर मात्र बराच वेळ डोकं ठेवलं होतं. काचवाला दारापाशी, हात मागे.

बायकोने डबा हलवला. पावडरीने पांढराफटक झालेला एक रातकिडा चिमट्यात धरला, तोंड वाकडं केलं आणि मास्तरांपुढे सोडला.

मास्तरांनी मान वळवली. मागचे पाय अजून ओढलेलेच, शेपटीशेजारी पडलेले. पुढचे पाय थरथरत उभे राहिले. किडा दगडाच्या कडेला गेला. थांबला.

जीभ बाहेर आली.

चुकली.

ट्यूबची घुरघुर तेवढी. बायकोने दुसरा किडा काढला, पण मुलीने तिचा हात धरला. "थांब. तोच बघतोय तो."

मास्तर एक पाऊल पुढे सरकले. मान तिरपी केली, एक डोळा किड्यावर. मग दाढीच्या कडेला, अगदी खाली, पेन्सिलच्या टोकाएवढा काळा ठिपका उमटला आणि पसरायला लागला.

"चिडलाय," मुलगी म्हणाली. हे ती मान न वळवता म्हणाली, पण दाराच्या दिशेला म्हणाली. "बाबा, या इकडे. बघा, चिडलाय तो."

काचवाला आला. टाकीच्या वर फक्त जाळी होती, जाळीवर ट्यूब. डब्यातून निसटलेला एक रातकिडा फळीमागे कुठेतरी किर्र करत होता आणि त्याला शोधायला कोणीच गेलं नाही.